साखवाळचे आचार्य : धर्मानंद कोसंबी यांची आत्मशिस्त

देवस्थानाच्या स्मरणिकेत श्रींच्या स्थानाचा इतिहास, उत्सवांचा तपशील आणि दात्यांची नामावली यांना अग्रस्थान मिळावे हे सर्वथा उचित आहे. परंतु ज्या समाजाने शतकानुशतके ही देवालये सांभाळली, त्या समाजातून जी असामान्य माणसे निर्माण झाली त्यांचे स्मरण करणे हेही अशा प्रसंगी आपले कर्तव्य ठरते. आपण महाजन मंडळी देवस्थानाच्या जमाखर्चाबाबत मोठे दक्ष असतो. सर्वसाधारण सभेत हिशेब वाचला जातो, आणि एखाद्या रकमेचा मेळ लागला नाही तर तो लागेपर्यंत सभा उठत नाही. हीच दक्षता आपल्या स्वतःच्या आयुष्याच्या बाबतीत आपण किती दाखवतो, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतो. ज्या एका गोमंतकीयाने हा प्रश्न स्वतःला वारंवार विचारला आणि त्याच्या उत्तराप्रमाणे वागण्याचे धैर्य दाखवले, त्या आचार्य धर्मानंद दामोदर कोसंबी यांचे चरित्र येथे थोडक्यात निवेदन करावयाचे योजिले आहे.

धर्मानंद पुढे बौद्ध झाले आणि आपल्या धार्मिक परंपरेवर त्यांनी कठोर टीका केली. ‘हिंदी संस्कृति आणि अहिंसा’ हा त्यांचा 1935 सालचा ग्रंथ वाचताना आपल्यापैकी अनेकांच्या कपाळाला आठ्या पडतील. मग देवस्थानाच्या स्मरणिकेत त्यांचे चरित्र कशाला, अशी शंका कोणी घेईल. तिला उत्तर एवढेच, की त्यांची मते सर्वांनी स्वीकारावीत असा प्रस्तुत लेखाचा आग्रह नाही. त्यांनी आपल्या मनाचा आणि वेळेचा कारभार कसा चालवला, ते पाहावे एवढीच विनंती आहे. ती विद्या कोणत्याही एका पंथाची नव्हे.

साखवाळ हे गाव आपणास वेलिंगच्या श्री लक्ष्मीनृसिंहाचे मूळ स्थान म्हणून परिचित आहे. सोळाव्या शतकात धर्मच्छळाच्या काळात देव तेथून अंत्रुज महालात हलवावा लागला, पण गावात हिंदू कुटुंबे पुढेही नांदत राहिली. अशाच एका सारस्वत कुटुंबात दि. 9 ऑक्टोबर 1876 रोजी धर्मानंदांचा जन्म झाला. पित्याचे नाव दामोदर, मातेचे आनंदीबाई. त्या काळी आपल्या प्रांतात हिंदू मुलांच्या शिक्षणाची स्थिती शोचनीय होती. मराठीचे अध्यापन एखाद्या खाजगी पंतोजीवर अवलंबून असे, आणि पंतोजी गाव सोडून गेला की शाळाही संपे. धर्मानंदांचे शिक्षण असेच तुटक-तुटक झाले. लौकरच घरच्या माडांच्या बागेची देखरेख त्यांच्याकडे आली. पाडेल्याकडून नारळ पाडून घेणे, ते मोजणे, विकणे आणि शिंपण्याची व्यवस्था पाहणे यात दिवस जाऊ लागले. प्रथेप्रमाणे वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास चिखलीच्या लाड घराण्यातील बाळाबाई यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

येथपर्यंतच्या वृत्तांतात अलौकिक असे काहीच नाही. साष्टीत आणि तिसवाडीत अशी शेकडो मुले त्या काळी माडांच्या सावलीत वाढली आणि तेथेच वृद्ध झाली. फरक एवढाच, की या तरुणाला वाचनाचा नाद लागला. मिळतील ती मराठी पुस्तके आणि मुंबई-पुण्याकडून येणारी वर्तमानपत्रे तो वाचू लागला. तुकोबांच्या गाथेने त्याला वेड लावले. विनायक कोंडदेव ओक यांच्या ‘बालबोध’ मासिकात एकदा गौतम बुद्धाचे संक्षिप्त चरित्र त्याच्या वाचनात आले. लहान मुलांसाठी लिहिलेला तो चार पानांचा मजकूर. पण त्याने या तरुणाच्या आयुष्याची दिशा ठरवली. बुद्धाचा धर्म मुळातून जाणून घ्यावयाचा, आणि तो आपल्या भाषेत आपल्या लोकांना सांगावयाचा, असा ध्यास त्याने घेतला.

मात्र ध्यास घेतला आणि लगेच सिद्धी झाली, असे घडले नाही. नेमका हाच भाग तरुणांनी लक्षपूर्वक वाचावा असा आहे. थोर पुरुषांची चरित्रे लिहिताना त्यांना जन्मतःच दृढनिश्चयी ठरवण्याची आपल्याकडे रीत आहे. धर्मानंदांनी स्वतःच्या आत्मवृत्तात, म्हणजे 1924 साली प्रसिद्ध झालेल्या ‘निवेदन’ या पुस्तकात, असे कोणतेही सोंग आणलेले नाही. विद्येसाठी ते घराबाहेर पडले ते एकदा नव्हे, अनेकदा. कोल्हापूरला गेले आणि परत आले. गोकर्णाकडे गेले आणि परत आले. घरची ओढ, पैशाची चणचण, मनाची चंचलता आणि वारंवार येणारी उदासी यांनी प्रत्येक वेळी त्यांना माघारी फिरवले. आपले मन किती दुबळे आहे याचा त्यांनी केलेला उल्लेख वाचताना हे पुढे जगन्मान्य झालेल्या पंडिताचे उद्गार आहेत असे वाटत नाही. परंतु दरवेळी परतल्यावर आपण का परतलो याचा त्यांनी विचार केला, स्वतःस फसवले नाही आणि उद्दिष्टही सोडले नाही. निश्चय ही जन्मजात देणगी नसून पुनःपुन्हा उचलावयाची वस्तू आहे, हे त्यांच्या या काळातील धडपडीवरून ध्यानात येते.

वडिलांच्या निधनानंतर 1899 च्या अखेरीस ते पुनश्च घराबाहेर पडले. त्या वेळी त्यांचे वय 23 वर्षांचे होते. घरी तरुण पत्नी होती आणि माणिक ही कन्या अगदीच तान्ही होती. या वेळी मात्र ते परतले नाहीत.

प्रथम पुणे. तेथे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या साहाय्याने आसरा मिळाला आणि संस्कृताचा आरंभ झाला. परंतु संस्कृताचे पक्के अध्ययन काशीलाच होईल असे मनाने घेतल्यावर इंदूर, उज्जैन, ग्वाल्हेर या मार्गाने ते काशीस पोहोचले. काशीतील त्यांचा विद्यार्थिदशेचा काळ हा कष्टांचा काळ होता. अन्नछत्रात जेवावे, मिळेल त्या जागी राहावे आणि नागेश्वरपंत धर्माधिकारी यांच्यापाशी व्याकरणाचे पाठ घ्यावेत, असा क्रम चालला. बालपणी शाळेत सलग न बसलेल्या माणसाने तेविसाव्या वर्षी ‘कौमुदी’ची सूत्रे पाठ करावयास बसणे म्हणजे काय, हे ज्यांनी प्रौढ वयात एखादी नवी भाषा शिकण्याचा प्रयत्न केला असेल त्यांनाच कळेल. बरोबरीचे विद्यार्थी वयाने लहान आणि अभ्यासाने पुढे असत. धर्मानंदांनी स्वतःची तुलना त्यांच्याशी केली नाही. आजचा पाठ आज झाला की नाही, एवढाच हिशेब त्यांनी ठेवला.

काशीत संस्कृत मिळाले, पण बौद्ध धर्म मिळाला नाही. तेव्हा नेपाळात तो जिवंत असेल या आशेने 1902 च्या आरंभी ते काठमांडूस गेले. तेथील धर्माची स्थिती पाहून त्यांची निराशा झाली. दुसरा एखादा तेथूनच गोव्याचा रस्ता धरता. पूर्वीचे धर्मानंदही कदाचित तसेच करते. आता ते बुद्धगयेस गेले. सिंहलद्वीपास गेल्यावाचून मूळ त्रिपिटकाचे अध्ययन होणार नाही असा सल्ला तेथे मिळताच कलकत्त्याच्या मार्गाने ते कोलंबोस पोहोचले. तेथील विद्योदय विद्यालयात सुमंगल महास्थविर यांच्या चरणांशी बसून त्यांनी पालीचा अभ्यास आरंभिला व श्रामणेर दीक्षा घेतली. तेथला आहार प्रकृतीस मानवला नाही, शरीर खंगले, तरी एक वर्षभर त्यांनी अध्ययन चालू ठेवले. पुढे मद्रास, ब्रह्मदेश, पुन्हा उत्तर हिंदुस्थानातील बौद्ध क्षेत्रे अशी त्यांची भ्रमंती झाली. ब्रह्मदेशात सगाईंगच्या डोंगरात न्यानतिलोक या जर्मन भिक्षूंसमवेत त्यांनी ध्यानाचा अभ्यास केला. इंग्रजी भाषा त्यांनी कोणत्याही शाळेत न जाता वाचून-वाचून आत्मसात केली. संस्कृत, पाली, इंग्रजी यांपैकी प्रत्येक विद्या पुढच्या पायरीसाठी आवश्यक म्हणून त्यांनी मिळवली. केवळ मिरवण्यासाठी एकही नाही.

1906 साली ते कलकत्त्यास आले. वंगभंगाच्या चळवळीने तेथे राष्ट्रीय शिक्षणाला भरती आली होती. विद्यापीठात पालीचा अध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. ज्याच्यापाशी एकाही परीक्षेचे प्रमाणपत्र नव्हते, तो साखवाळचा तरुण पदवीधरांना शिकवू लागला. त्याच वर्षी, सुमारे सात वर्षांनंतर, त्यांनी गोव्यात पाऊल ठेवले.

या सात वर्षांच्या हिशेबाची दुसरी बाजू येथे वाचकांपुढे ठेवणे अगत्याचे आहे. धर्मानंद काशीत व्याकरण घोकत होते, कोलंबोत त्रिपिटक वाचत होते, तेव्हा बाळाबाई आपल्या लहान मुलीला घेऊन आप्तेष्टांच्या आधाराने दिवस काढीत होत्या. त्या काळच्या आपल्या समाजात पती परागंदा झालेल्या स्त्रीच्या वाट्याला काय येत असे, ते वयोवृद्ध वाचकांना वेगळे सांगावयास नको. पती परत येणार की कायमचा भिक्षू होऊन राहणार, हेही निश्चित नव्हते. धर्मानंदांची विद्या ज्या भांडवलावर उभी राहिली, त्यात या माउलीच्या सोशिकतेचा वाटा मोठा आहे. तो खर्ची न टाकता जमेची बाजू तेवढी वाचणे हा अप्रामाणिकपणा होईल. आत्मोन्नतीसाठी घरादाराकडे पाठ फिरवणे हा आदर्श म्हणून कोणापुढे ठेवण्याचा येथे मुळीच हेतू नाही.

समाधानाची गोष्ट ही, की धर्मानंदांनी हे ऋण नाकारले नाही. भिक्षुजीवन त्यांनी पुढे चालू ठेवले नाही. गृहस्थाश्रमाची जबाबदारी पुन्हा अंगावर घेतली आणि बाळाबाईंना आपल्यासह कलकत्त्यास नेले. 31 जुलै 1907 रोजी पुत्र दामोदर यांचा जन्म झाला. हेच पुढे गणिती व इतिहासकार म्हणून जगप्रसिद्ध झालेले डी. डी. कोसंबी होत. यानंतर आणखी दोन कन्या झाल्या. मुलींना मुलाच्या बरोबरीने उच्च शिक्षण मिळावे असा धर्मानंदांचा कटाक्ष होता, आणि थोरल्या माणिकने तर अमेरिकेत शिक्षण घेतले. ज्या पित्याने तिचे तान्हेपण पाहिले नाही, त्याने तिच्यासाठी एवढे केले. त्यामुळे गेलेली वर्षे भरून निघाली असे म्हणता येत नाही, पण देणे ओळखणारा माणूस आणि देणे विसरणारा माणूस यांत जो फरक असतो तो येथे दिसतो.

कलकत्त्यास पगार होता, मान होता, राहण्याची सोय होती. पण आपल्या लोकांना आपल्या भाषेत बुद्धाचा धर्म सांगावयाचा हे मूळ उद्दिष्ट तेथे राहून साधण्यासारखे नव्हते. अशा वेळी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी दरमहा 50 रुपयांची वृत्ती देऊ केली. महाराष्ट्रात कोठेही राहावे आणि वर्षाकाठी बडोदे सरकारसाठी एक पुस्तक लिहून द्यावे, एवढीच अट होती. धर्मानंदांनी कलकत्त्याची अधिक उत्पन्नाची जागा सोडून ही वृत्ती पत्करली. पदरी कुटुंब असताना हा निर्णय घेणे सोपे नव्हते. 1910 साली प्रसिद्ध झालेले ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ हे त्यांचे पुस्तक म्हणजे बडोद्यास दिलेल्या व्याख्यानांचेच फलित होय. आपल्याला काय मिळते यापेक्षा आपला वेळ कोठे जातो याला त्यांनी अधिक महत्त्व दिले.

1910 मध्येच अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाकडून त्यांना पाचारण झाले. आचार्य बुद्धघोषांच्या ‘विसुद्धिमग्ग’ या पाली महाग्रंथाचे संपादन हेन्री क्लार्क वॉरन या विद्वानाने हाती घेतले होते, पण 1899 साली वॉरन निवर्तले आणि कार्य अपुरे राहिले. ते तडीस नेण्यासाठी धर्मानंद बॉस्टनजवळच्या केंब्रिज शहरी गेले. तेथे प्राध्यापक लॅनमन यांच्याशी संपादनाच्या श्रेयावरून मतभेद झाला आणि 1912 साली ते स्वदेशी परतले. अपमान गिळून तेथे राहणे त्यांनी नाकारले, पण रागाच्या भरात ग्रंथाशी वैर धरले नाही. त्या कामासाठी ते पुढे 1918, 1926 आणि 1931 साली पुन्हा अमेरिकेस गेले. पंडिताशी भांडण झाले म्हणून पोथी टाकून द्यावी असे त्यांना वाटले नाही. व्यक्तीचा राग कामावर न काढणे ही आत्मशिस्तीतील फार कठीण पायरी आहे. सार्वजनिक संस्थांत, आणि आपल्या देवस्थानांतही, याच एका गोष्टीअभावी किती चांगली कामे रखडली आहेत याचा ज्याने त्याने विचार करावा.

त्या ग्रंथाचे प्रकाशन हार्वर्डच्या प्राच्यविद्या ग्रंथमालेत 1950 साली झाले. तेव्हा धर्मानंद हयात नव्हते. मधल्या काळात ते हातावर हात ठेवून बसले नव्हते. मुंबईच्या भारतीय विद्या भवनातर्फे 1940 साली त्यांनी त्याच ग्रंथाची देवनागरी आवृत्ती प्रसिद्ध केली, आणि मूळ कामाची फळे आपल्या देशातील अभ्यासकांच्या हाती दिली.

1912 ते 1918 ही वर्षे त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पालीचे अध्यापन केले. चिंतामण वैजनाथ राजवाडे, पु. वि. बापट, ना. के. भागवत यांच्यासारखे शिष्य त्यांनी तयार केले आणि महाराष्ट्रात पालीच्या अभ्यासाची परंपरा रुजवली. 1922 नंतर महात्मा गांधींच्या गुजरात विद्यापीठात अहमदाबादेस, 1929 साली रशियातील लेनिनग्राद येथे, पुढे काशी विद्यापीठात अशी त्यांची ज्ञानयात्रा चालू राहिली. 1930 साली रशियाहून परतताच मिठाच्या सत्याग्रहात उडी घेऊन त्यांनी तुरुंगवास पत्करला. तेव्हा त्यांचे वय 53 वर्षांचे होते. 1937 साली मुंबईच्या गिरणगावात श्रमिक व दलित बांधवांसाठी त्यांनी बहुजन विहाराची स्थापना केली आणि तेथे राहून धर्माची शिकवण दिली. काही काळाने तो विहारही सोडून ते पुढे गेले. ‘भगवान बुद्ध’ हा त्यांचा मराठीतील प्रमुख ग्रंथ 1940-41 मध्ये प्रसिद्ध झाला आणि कालांतराने अनेक भारतीय भाषांत गेला. बालबोध मासिकातील चार पानांनी ज्या प्रवासाचा आरंभ झाला, तो या ग्रंथाने सफळ झाला.

या साऱ्या वृत्तांताकडे एकत्र पाहिले असता एक सूत्र हाती लागते. आपण सामान्यतः उन्नती म्हणजे मिळवणे असे समजतो. पदवी मिळवावी, बढती मिळवावी, घर मिळवावे. धर्मानंदांच्या आयुष्यात मिळवण्याइतकेच सोडणे आहे. पुणे सोडले, कारण काशीवाचून व्याकरण येणार नव्हते. काशी सोडली, कारण तेथे पाली नव्हती. चीवर सोडले, कारण घरी ऋण फेडावयाचे होते. कलकत्ता सोडले, कारण मराठी वाचक महाराष्ट्रात होता. आरंभीच्या काळातील घरी परतणे हेदेखील सोडणेच होते. पण ते मनाच्या लहरीने झालेले होते. नंतरचे प्रत्येक सोडणे हे उद्दिष्टाशी ताडून पाहून झाले. दोहोंत जे अंतर आहे, तेच त्यांच्या आत्मशिस्तीचे मोजमाप होय. काय धरावे हे एकदा नीट ठरले, की काय सोडावे हे ठरवण्यास मन कचरत नाही.

अखेरीस त्यांनी देहाचाही असाच हिशेब केला. प्रकृती ढासळली, आजाराने शरीर कामाचे राहिले नाही, तेव्हा इतरांवर भार होऊन राहावयाचे नाही या विचाराने 1946 साली त्यांनी अन्नत्याग आरंभिला. गांधीजींच्या सांगण्यावरून त्यांनी तो त्या वेळी थांबवला. पुढे सेवाग्राम आश्रमात पुन्हा अन्नत्याग करून दि. 4 जून 1947 रोजी त्यांनी देह ठेवला. दिल्लीतील प्रार्थनासभेत गांधीजींनी त्यांचे आदरपूर्वक स्मरण केले. पार्श्वनाथांच्या चातुर्याम धर्माचे त्यांनी अखेरच्या काळात जे चिंतन केले होते त्याच्याशी हा निर्णय सुसंगत असेल. परंतु सामान्य माणसाने त्याचे अनुकरण करावे असे कोणीही म्हणणार नाही, आणि म्हणूही नये. त्यांच्या जगण्यातून शिकण्यासारखे इतके आहे, की त्यांच्या मरणाकडे केवळ नम्रतेने पाहून पुढे जावे हेच इष्ट.

मग आपण घ्यावे काय? विशेषतः जी तरुण मंडळी नोकरी-व्यवसायाच्या चिंतेत आहेत, ज्यांना आपले शिक्षण अपुरे झाले असे वाटते, त्यांनी तीन गोष्टी घ्याव्यात. पहिली ही, की उशीर झाला असे समजू नये. तेविसाव्या वर्षी ज्याने व्याकरणास आरंभ केला त्याला जगातील अग्रगण्य विद्यापीठाने चार वेळा बोलावले. दुसरी, रोजचे काम रोज तपासावे, आणि चूक झाली तर ती झाकू नये. माघार घेतली तर ती का घेतली हे स्वतःला स्पष्ट सांगावे. तिसरी, आपल्या उन्नतीची किंमत दुसरे कोणी मोजीत असेल, मग ती घरची गृहिणी असो, वृद्ध आईबाप असोत वा पाठचे भावंड असो, तर ते ऋण वहीत स्पष्ट लिहून ठेवावे आणि हयातीत फेडावे. ही तिसरी गोष्ट आजकालच्या उन्नतीच्या उपदेशांत सहसा आढळत नाही, म्हणून तिचा विशेष उल्लेख केला.

‘निवेदन’ हे पुस्तक मराठीत आहे, आणि त्यांच्या नात, समाजशास्त्रज्ञ मीरा कोसंबी यांनी त्याचा इंग्रजी अनुवादही केलेला आहे. गावोगावच्या वाचनालयांनी ते संग्रही ठेवावे आणि विद्यार्थ्यांच्या हाती द्यावे अशी सूचना या निमित्ताने करावीशी वाटते. आपल्या मुलांना परदेशीय थोरांची चरित्रे तोंडपाठ असतात. साखवाळच्या माडांच्या बागेतून निघून हार्वर्डपर्यंत पोहोचलेल्या आपल्याच माणसाचे नाव मात्र पुष्कळांनी ऐकलेले नसते.

देवस्थानाचा हिशेब जसा आपण दरसाल श्रींपुढे चोख ठेवतो, तसाच आपापल्या आयुष्याचाही हिशेब चोख ठेवण्याची बुद्धी श्रींनी आम्हा सर्वांस द्यावी, अशी त्यांच्या चरणी नम्र प्रार्थना करून हा अल्प लेख पुरा करतो.